पीटरबरो पीट्स: दर चार वर्षांनी बदलणाऱ्या संघाचा इतिहास कसा लिहावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण मूळचे कोल्हापूरचे, दोन वर्षांपूर्वी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पीटरबरोला राहायला आलात. आठवीतल्या आपल्या मुलीला शाळेसाठी गावच्या ज्युनियर आइस हॉकी संघाचा, म्हणजे पीटरबरो पीट्सचा, इतिहास लिहायचा आहे. तिने जिंकलेल्या चषकांची आणि नामवंत खेळाडूंची यादी जमवली आहे. पण संघाची सुरुवात एके ठिकाणी १९५६ अशी दिलेली आढळली, तर दुसरीकडे ती किचनर या वेगळ्याच शहरापासून धरलेली दिसली. शिवाय राष्ट्रीय पातळीवरचा मेमोरियल कप एकदाच मिळवलेल्या संघाचा एवढा बोलबाला का असावा, हेही तिला उमगत नाही. "यादी झाली, पण इतिहास होत नाही," असे आपण लिहिले आहे.

खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. मी गेली बावीस वर्षे ओंटारियोत मुलांच्या हॉकी सामन्यांना गुणलेखकाच्या टेबलावर बसतो आणि उरलेल्या वेळात जुन्या हंगामांच्या नोंदी वर्तमानपत्रांशी ताडून पाहण्याचे काम करतो. हे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. व्यावसायिक संघाचा इतिहास खेळाडूंच्या अंगाने लिहिता येतो, कारण एखादा खेळाडू तिथे पंधरा वर्षे राहू शकतो. ज्युनियर संघात सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात. सोळाव्या वर्षी आलेला मुलगा फार तर चार-पाच हंगाम राहतो, आणि चांगला असेल तर त्याआधीच निघून जातो. १९७९ च्या विजेत्या संघाचा १९८९ च्या विजेत्या संघाशी एकाही खेळाडूचा संबंध नाही. मग दोन्ही संघ एकच आहेत असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? मुलीने निबंधात या प्रश्नाचे उत्तर दिले, तर तिची यादी आपोआप इतिहास होईल. माझे उत्तर असे आहे की ज्युनियर संघाचा इतिहास हा जे राहिले त्यांचा असतो: प्रशिक्षकांचा, इमारतीचा, मुलांना घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबांचा आणि तिकीट काढून येणाऱ्या गावाचा. आपण कोल्हापूरचे असल्यामुळे हे आपल्याला चटकन पटेल. तालमीतले पैलवान बदलत जातात. पेठेच्या तोंडी नाव राहते ते तालमीचे आणि वस्तादाचे.

आता सुरुवातीच्या वर्षाकडे वळू. इथे उत्तर हेतूवर अवलंबून आहे, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. संघाचा परवाना, म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा हक्क, कुठून आला हे शोधायचे असेल, तर किचनरचा उल्लेख बरोबर आहे. तिथला किचनर कॅनक्स हा संघ १९५६ मध्ये पीटरबरोला हलवण्यात आला. गावाचा इतिहास लिहायचा असेल, तर १९५६ हेच वर्ष धरावे, कारण त्याआधी किचनरमध्ये जे घडले त्याच्याशी पीटरबरोच्या माणसांचा काही संबंध नव्हता. आपल्या मुलीचा निबंध गावाबद्दल असल्याने मी दुसरा पर्याय घेईन आणि किचनरला एक वाक्य देईन. एक घोटाळा मात्र टाळावा. आज किचनरमध्ये रेंजर्स नावाचा जो संघ आहे, त्याचे मूळ या कॅनक्समध्ये नाही. तो गेल्फच्या बिल्टमोर संघाचा वंशज आहे. तो संघ १९६३ मध्ये किचनरला आला आणि तेव्हापासून रेंजर्स झाला. म्हणजे किचनरने एक संघ गमावला आणि सात वर्षांनी दुसऱ्याच गावचा संघ मिळवला. नकाशावर गाव एकच दिसते म्हणून पुष्कळ लोक या दोन संघांची सांगड घालतात, आणि ती चूक एकाच्या लिखाणातून दुसऱ्याच्या लिखाणात उतरत राहते.

हे किती महत्त्वाचे आहे ते शेजारच्या ओशावावरून कळेल. ओशावा जनरल्स हा संघ १९३७ चा, म्हणजे पीट्सपेक्षा बराच जुना. पण १९५३ मध्ये त्यांचे बर्फाचे मैदान आगीत जळून गेले, संघ बंद पडला आणि १९६२ मध्ये पुन्हा उभा राहिला. मधली नऊ वर्षे गावात संघच नव्हता. पीट्स मात्र १९५६ पासून एकाच गावात, एकही हंगाम न चुकवता खेळत आले आहेत. ओंटारियो हॉकी लीगमध्ये, म्हणजे पीट्स ज्या ज्युनियर लीगमध्ये खेळतात तिच्यात, इतका दीर्घकाळ एकाच ठिकाणी अखंड राहिलेला दुसरा संघ नाही. मुलीने पहिल्या परिच्छेदात हीच गोष्ट लिहावी असे मी सुचवेन. संघ हलवणे, विकणे, बंद करणे ही या खेळातली रोजची गोष्ट असताना एक संघ जागचा हलला नाही, हे चषकांपेक्षा दुर्मीळ आहे.

नावाबद्दल थोडक्यात. सुरुवातीची दहा वर्षे संघ टीपीटी पीट्स या नावाने खेळला. टीपीटी म्हणजे टोरोंटो-पीटरबरो ट्रान्सपोर्ट, ही मालवाहतुकीची कंपनी. त्या काळात संघाच्या मागे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचेही पाठबळ होते; व्यावसायिक संघ ज्युनियर संघांना पोसत आणि तिथली मुले पुढे आपल्याकडे घेत. १९६३ मध्ये नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगने, खेळाडूंची निवड ड्राफ्टने, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नावे निवडून, करायला सुरुवात केली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ज्युनियर संघ पोसण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. तेव्हापासून पीट्सची मालकी कुणा धनिकाकडे गेली नाही. संघ नफ्यासाठी न चालणारी संस्था म्हणून गावातल्या मंडळींच्या संचालक मंडळाकडे आहे. संघ गावातून हलला नाही याचे मोठे कारण मला यात दिसते. ज्याला विकून फायदा होणार आहे असा मालकच नसेल, तर संघ दुसऱ्या शहराला विकणार कोण?

लीगच्या नावाबाबत माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मुलीच्या हातून ती होणार नाही. मी पहिल्यांदा नोंदी जुळवल्या तेव्हा एका जुन्या स्मरणिकेवर विसंबून सगळी अजिंक्यपदे ओंटारियो हॉकी लीगच्या नावावर टाकली. वास्तविक हे नाव १९८० चे आहे. १९७४ पासून तिला ओंटारियो मेजर ज्युनियर हॉकी लीग म्हणत आणि त्याआधी ती ओंटारियो हॉकी असोसिएशनची ज्युनियर स्पर्धा होती. विजेत्याला मिळणारा चषक मात्र तोच, जे. रॉस रॉबर्टसन कप. म्हणून चषकाच्या नावाने लिहावे, लीगच्या नावाने लिहू नये. मग कोणतेही वर्ष चुकत नाही. पीट्सने तो दहा वेळा जिंकला: १९५९, १९७२, १९७८, १९७९, १९८०, १९८९, १९९३, १९९६, २००६ आणि २०२३.

हे आकडे नुसते वाचू नयेत, त्यांतल्या मोकळ्या जागा पाहाव्यात. १९५९ नंतर तेरा वर्षे काही नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सलग तीन. १९९६ नंतर दहा वर्षे आणि २००६ नंतर सतरा वर्षे वाट पाहणे. जिंकलेल्या वर्षांचे फोटो भिंतीवर लागतात. पण ज्या सतरा वर्षांत काहीच जिंकले नाही, त्या वर्षांतही लोक हिवाळ्यात गाड्यांवरचा बर्फ खरवडून सामन्याला येत राहिले, म्हणून २०२३ आले.

यानंतर प्रशिक्षकांचा भाग, आणि मुलीने सर्वांत जास्त जागा इथे द्यावी. १९५८ मध्ये स्कॉटी बोमन पीटरबरोत प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा ते पंचविशीत होते. डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांचे स्वतःचे खेळणे आधीच संपले होते. पहिल्याच हंगामात त्यांनी संघाला मेमोरियल कपच्या अंतिम फेरीपर्यंत नेले. पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये त्यांनी प्रशिक्षक म्हणून नऊ स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगची अजिंक्यपदे, जिंकले, जितके आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेले नाहीत.

पण गावाच्या आठवणीत बोमन यांच्यापेक्षा रॉजर नीलसन अधिक खोल रुजले आहेत. ते शाळेत शिक्षक होते आणि १९६६ पासून दहा वर्षे त्यांनी पीट्सला शिकवले. नीलसन नियमांचे पुस्तक शिक्षकासारखेच वाचत, म्हणजे त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहून गेले आहे हे दोन्ही पाहत. पेनल्टी शॉटच्या वेळी गोलरक्षकानेच उभे राहावे असे नियमात नव्हते. त्यांनी गोलरक्षकाला बाहेर बोलावून एका बचावपटूला गोलमध्ये उभे केले, आणि आक्रमकाने पकला, म्हणजे त्या रबरी चकतीला, काठी लावताच तो बचावपटू सरळ त्याच्या अंगावर धावून गेला. आक्रमकाला फटका मारायला वेळच उरला नाही. दुसरी युक्ती याहून सूक्ष्म आहे. शिक्षा कितीही झाल्या तरी बर्फावर एका संघाचे गोलरक्षकाखेरीज किमान तीन खेळाडू असलेच पाहिजेत, असा नियम आहे. शेवटचा मिनिट, एका गोलची आघाडी आणि दोन खेळाडू आधीच शिक्षेच्या बाकावर, अशा वेळी नीलसन मुद्दाम जादा खेळाडू आत पाठवत. पंच खेळ थांबवून आणखी एक शिक्षा देई. पण बर्फावरची संख्या तीनच्या खाली जाऊ शकत नसल्याने तिचा तोटा काही होत नसे. उलट प्रतिस्पर्ध्याची लय तुटे आणि दमलेल्या बचावाला श्वास घ्यायला मिळे. दोन्ही पळवाटा नंतर नियम बदलून बुजवाव्या लागल्या. आज शेवटच्या दोन मिनिटांत कुणी हेतुपुरस्सर जादा खेळाडू उतरवला, तर विरुद्ध संघाला थेट पेनल्टी शॉट मिळतो, आणि या नियमाच्या मागे पीटरबरोचा एक शाळामास्तर आहे, हे आठवीतल्या मुलीला नक्की आवडेल. नीलसन २००२ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेले आणि २००३ मध्ये वारले. गावात त्यांच्या नावाची शाळा आहे.

नीलसन यांच्या दहा वर्षांत रॉबर्टसन कप एकदाच आला, १९७२ मध्ये. यादीच्या हिशेबाने हे फार नव्हे. पण त्यांनी घालून दिलेली शिस्त, आधी आपला गोल राखा, मग पुढे जा, ही पीट्सची ओळख होऊन बसली. पीटरबरोतच जन्मलेला बॉब गेनी १९७१ ते १९७३ त्यांच्या हाताखाली खेळला आणि मॉन्ट्रियलला जाऊन बचाव करणारा आक्रमक म्हणून इतका नावारूपाला आला की त्या कौशल्यासाठी १९७८ मध्ये नवा सेल्की करंडक सुरू झाला तेव्हा पहिली चारही वर्षे तो त्यानेच मिळवला. डग जार्विसही नीलसन यांचाच; तो नॅशनल हॉकी लीगमध्ये एकही सामना न चुकवता सलग ९६४ सामने खेळला. ही नावे मुलीच्या यादीत बहुधा आहेतच. ती वर्णानुक्रमे न लावता कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली कोण घडले अशी लावली, तर यादीचे रूपच पालटेल.

पुढे गॅरी ग्रीन यांच्या काळात १९७८ आणि १९७९ चे, तर माइक कीनन यांच्या काळात १९८० चे अजिंक्यपद आले. कीनन यांनी पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सला स्टॅन्ली कप मिळवून दिला. मात्र सातत्याचे सर्वांत सुंदर उदाहरण डिक टॉड यांचे आहे. त्यांनी १९८१ ते १९९३ संघ सांभाळला, १९८९ आणि १९९३ मध्ये चषक मिळवला, मग गाव सोडले आणि २००४ मध्ये परत येऊन २००६ मध्ये पुन्हा चषक जिंकून दिला. त्या २००६ च्या संघातला जॉर्डन स्टाल १९८९ च्या मे महिन्यात जेमतेम आठ महिन्यांचा होता. खेळाडूंची अख्खी पिढी बदलली तरी वस्ताद तोच होता, आणि संघ एकच आहे असे म्हणण्याचा याहून ठोस आधार मला ठाऊक नाही.

आता मेमोरियल कपचा प्रश्न. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून दिला जाणारा हा चषक कॅनडातल्या ज्युनियर हॉकीत सर्वोच्च मानला जातो. आज तीन प्रादेशिक लीगांचे विजेते आणि एक यजमान अशी चार संघांची स्पर्धा होते. पीट्स अंतिम सामन्यात सात वेळा पोहोचले. १९५९ मध्ये विनिपेग ब्रेव्हजकडून, १९७२ मध्ये कॉर्नवॉलकडून, १९७८ मध्ये न्यू वेस्टमिन्स्टरकडून, १९८० मध्ये पुन्हा कॉर्नवॉलकडून जादा वेळेत, १९९३ मध्ये सू सेंट मरीकडून आणि १९९६ मध्ये स्वतःच्याच घरी, यजमान असताना, क्वेबेकच्या ग्रॅनबीकडून ते हरले. जिंकले ते फक्त १९७९ मध्ये, ब्रँडन व्हीट किंग्जविरुद्ध २-१ असे, तेही जादा वेळेत. मुलीने "फक्त एकदा" असे लिहिले, तर ते खोटे ठरणार नाही. पण सात अंतिम सामने आणि ते सदतीस वर्षांत पसरलेले, हे लिहिले नाही तर चित्र चुकीचे उभे राहील. वर्षा-दोन वर्षांत पांगणाऱ्या मुलांचा एखादा गुणी संच जमून एकदा अंतिम फेरी गाठणे शक्य असते. वेगवेगळे संच पुन्हापुन्हा तिथे पोहोचतात तेव्हा गुण संचाचा नसतो, घडवणाऱ्या जागेचा असतो.

मोठ्या नावांबाबत एक सावधगिरी. वेन ग्रेट्झ्की पीट्सकडून खेळला हे खरे आहे, पण १९७६-७७ च्या हंगामात केवळ तीन सामने, तात्पुरती गरज म्हणून बोलावलेला मुलगा या नात्याने. त्याचा खरा ज्युनियर हंगाम पुढच्या वर्षी सू सेंट मरीला झाला. त्याला पीट्सचा खेळाडू म्हणून मिरवू नये. एक वाक्य पुरे. याउलट स्टीव्ह आयझरमन १९८१ ते १९८३ आणि क्रिस प्रॉन्गर १९९१ ते १९९३ असे पूर्ण दोन-दोन हंगाम इथे वाढले, आणि लॅरी मर्फी तर १९७९ च्या विजेत्या संघात होता. कोण किती सामने खेळला हे पाहूनच कुणाला किती ओळी द्यायच्या ते ठरवावे.

जे बहुतेक इतिहासांत सुटते ते म्हणजे घरे. सोळा वर्षांचा मुलगा आईवडिलांपासून दूर येतो तेव्हा तो वसतिगृहात राहत नाही. गावातले एखादे कुटुंब त्याला आपल्या घरात ठेवून घेते. त्यांना इथे बिलेट कुटुंब म्हणतात. एरिक आणि जॉर्डन हे स्टाल बंधू थंडर बेचे, इथून हजार किलोमीटरहून दूर. २००६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या भावाने कॅरोलायनाकडून स्टॅन्ली कप जिंकला आणि धाकट्याने त्याच वर्षी पीट्सकडून रॉबर्टसन कप. अशा मुलांना सकाळी शाळेत वेळेवर पाठवणारी, सामन्याच्या दिवशी दुपारी लवकर जेवू घालणारी आणि बसच्या प्रवासातून रात्री दोनला परतल्यावर दार उघडणारी माणसे आपल्याच गल्लीत असू शकतात. त्यांची नावे कोणत्याही गुणपत्रकावर नसतात. मुलीला एखादे असे कुटुंब भेटले आणि बोलायला तयार झाले, तर तेवढ्या मुलाखतीने तिचा निबंध इतरांपेक्षा वेगळा होईल. नाव छापण्याआधी त्यांची परवानगी मात्र घ्यावी.

शेवटी साधनांबद्दल, कारण माझे रोजचे काम तेच आहे. गुणपत्रक हे मूळ साधन खरे, पण तेही निर्दोष नसते. प्रत्येक गोलपुढे वेळ, गोल करणाऱ्याचा क्रमांक आणि पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांचे क्रमांक लिहिलेले असतात. जुनी पत्रके कार्बन लावून हाताने लिहिलेली आहेत. तिसऱ्या प्रतीवर १६ आणि १८ यांतला फरक दिसत नाही, १ चा ७ होतो. शिवाय कित्येकदा पासचे श्रेय सामना संपल्यावर पंचांच्या सांगण्यावरून दुरुस्त होते, आणि तोवर बातमीदाराने जुनाच आकडा पाठवलेला असतो. म्हणून मी वर्तमानपत्र आणि पत्रक जुळले नाहीत, तर तिसऱ्या दिवसाचे वर्तमानपत्र पाहतो. दुरुस्ती बहुधा तिथे बारीक अक्षरात सापडते. शाळेच्या निबंधासाठी एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही, पण एक सामना तरी तिने मूळ बातमीतून वाचावा.

पीटरबरोच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन 'पीटरबरो एक्झामिनर'च्या १९७९ च्या मे महिन्याच्या प्रती कशा पाहता येतील ते विचारा. मायक्रोफिल्म असेल तर रीळ हळू फिरवा आणि खेळाच्या पानाबरोबर पहिले पानही वाचा. त्यानंतर संघ घरी खेळत असेल त्या संध्याकाळी मेमोरियल सेंटरला अर्धा तास आधी पोहोचा. ही इमारतही १९५६ चीच आहे. दारातून आत गेल्यावर, अंगात जुने तपकिरी लाल जॅकेट आणि हातात हंगामाचे तिकीट असलेले एखादे आजोबा किंवा आजी नक्की दिसतील. मुलीला त्यांना एवढेच विचारू द्या, की तुम्ही याच खुर्चीवर कधीपासून बसता आणि तुमच्या आधी तिथे कोण बसायचे.